दोन्ही सारखंच

नवा चष्मा घातला त्याच दिवशी मी दुकानाच्या पायरीवरून पडलो. पायरी जुनी, रोजची. माझे पाय तिला डोळ्यांशिवाय ओळखतात. पण त्या सकाळी ती डावीकडे कलंडलेली दिसली, म्हणून तिचा मान ठेवून मीही कललो, आणि ती मात्र जिथे होती तिथेच राहिली. चष्म्याच्या दुकानातला डोळे तपासणारा माणूस स्वतःच्याच चष्म्यापायी स्वतःच्याच दुकानासमोर आडवा, यातली गंमत मालकांना माझ्याआधी कळली. ते काउंटरमागून उठलेसुद्धा नाहीत. "अहो, पडायचंच असेल तर मागच्या दाराने पडत जा," म्हणाले, "पुढे गिऱ्हाईक असतं." मी गुडघा झटकत उठलो आणि "सॉरी" म्हणालो. नंतर दिवसभर तो शब्द माझ्या जिभेवर चिकटून राहिला. सॉरी कुणाला? मालकांना काही लागलं नव्हतं. पायरीला तर नाहीच नाही. पण कुठेही काही वाकडं झालं की आधी आपण एक शब्द टाकून ठेवायचा, म्हणजे पुढचं बोलणं मऊ होतं, ही माझ्या अंगातली जुनी व्यवस्था. ती गुडघा फुटलेला असतानाही बंद पडत नाही.

चष्म्याचा नंबर काढला होता नवीने. नवी म्हणजे आमच्याकडे अलीकडे लागलेली दुसरी डोळे तपासणारी. तिला नाव आहे, पण या दुकानात पहिल्या दिवशी जे चिकटतं तेच टिकतं. उद्या ती निवृत्त झाली तरी मालक निरोप समारंभात तिला नवीच म्हणतील. तिने माझ्या नाकावरून चष्मा काढून घेतला, यंत्राखाली धरला, कागदाशी ताडून पाहिला आणि म्हणाली, "मी लिहिला तसाच बनलाय. म्हणजे चूक एक तर माझी, नाही तर तुमची. बसा." मी आतल्या अंधाऱ्या खोलीत, जिथे मी रोज लोकांना बसवतो त्या खुर्चीत बसलो, हनुवटी टेकवली, भिंगांचं यंत्र डोळ्यांसमोर आलं. समोरच्या भिंतीवर अक्षरं उजळली. टक्. "पहिलं..." टक्. "की दुसरं?" मी म्हणालो, "दुसरं." टक्. "आता पहिलं... की दुसरं?" मी म्हणालो, "दुसरं. म्हणजे दोन्ही सारखंच, पण दुसरं जरा बरं." पुन्हा टक्, पुन्हा टक्, पुन्हा माझं दुसरं. मग तिने दिवा लावला. "सर, शेवटच्या दोन्ही वेळा मी भिंग हलवलंच नव्हतं. नुसता आवाज केला." मी डोळे मिचकावत बसलो. ही युक्ती तिला मीच शिकवली होती. "तुम्ही मला खूश करत होतात," ती म्हणाली. "मागच्या वेळेलाही तेच केलं असणार. मी नवीन, मला बरं वाटावं, काम लवकर आटपावं. म्हणून आता तुम्हाला जमीन तिरकी दिसते. पुन्हा बसावं लागेल, पण आज नको. खरं सांगायची तयारी करून या." मी हसून विचारलं, "त्याला तयारी लागते?" ती हसली नाही. "तुम्हाला लागेल असं दिसतंय."

मी खिशातून जुना चष्मा काढून घातला आणि माझ्या पुढच्या गिऱ्हाइकाला आत घेतलं. या खोलीत मी आयुष्यभर माणसं मोजत आलो आहे. डोळ्यांचा नंबर कागदावर जातो, बाकीचा जमाखर्च माझ्याजवळ राहतो. काही जण तक्ता पाठ करून येतात आणि न दिसणारी ओळ घडाघडा म्हणून दाखवतात, जणू मी त्यांना वरच्या वर्गात घालणार आहे. काही नवरे अंधारातसुद्धा बायको बसली आहे त्या दिशेला मान वळवतात, ती "अहो, दुसरं सांगा, दुसरं" म्हणते, आणि तिच्या पसंतीचा नंबर त्यांच्या नाकावर बसतो. एक निवृत्त न्यायाधीश यायचे, ते निकाल राखून ठेवायचे. एक बाई प्रत्येक भिंगाला "तुम्हाला काय वाटतं?" असं मलाच विचारायची. आणि यांतली सगळ्यांत घातक जात म्हणजे गोड माणसं. ती भांडत नाहीत, वेळ घेत नाहीत, तुमच्या आवाजावरून तुम्हाला कोणतं उत्तर हवं आहे ते ओळखतात आणि तेच देतात, आणि वर थँक यू म्हणून, चुकीचा नंबर घेऊन, डोकं धरत घरी जातात. ती तक्रार करायलाही परत येत नाहीत. त्यांना वाटतं, डोकं आपलंच असं असेल. या जातीला मी मनातल्या मनात पुष्कळ हसलो आहे. आता त्या हसण्याचा आवाज त्या खोलीत मलाच ऐकू येत होता, आणि मांडीवर फोन थरथरत होता. फोन बाहेर काउंटरवर होता, खिसा रिकामा होता. तरी मांडी थरथरत होती. हे गेले काही महिने असंच चाललं होतं. खिशात फोन असो नसो, मांडीचा तेवढा चौकोन आपणहून वाजायचा.

फोन खरा वाजला तेव्हा मी डबा उघडून बसलो होतो. धाकटी होती. "भाऊ, त्याला सांग, ऑपरेशननंतर आई माझ्याकडे येणार. सांग म्हणजे विचारायचं नाही, सांगायचं. डोळ्यात थेंब वेळेवर घालायला त्याच्या घरात आहे कोण? बाबांच्या वेळेला पाहिलं ना मी." 'तो' म्हणजे आमचा दादा, आम्हा तिघांतला थोरला. आई त्याच्याकडे राहते. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि नंतर तिने कुणाच्या घरी राहायचं यावर युद्ध पेटलं होतं. पण या युद्धात दोन्ही सैन्यं एकमेकांशी बोलत नव्हती, मध्ये एकच रस्ता होता आणि तो माझ्या कानातून जात होता. मी दादाला फोन लावला आणि म्हणालो, "ती म्हणते, तुझ्यावर एवढा भार कशाला, थोडे दिवस मी करते." दादा म्हणाला, "मधल्या, तिला सांग, आई म्हणजे काही सामान नाही, उचललं आणि नेलं. आणि सांग, थेंब मलाही घालता येतात, त्यासाठी फार मोठं तोंड लागत नाही." मी धाकटीला कळवलं, "दादा म्हणतो, आईला इकडून तिकडे हलवलं की तिला त्रास होईल, एवढीच त्याला काळजी आहे." धाकटीने विचारलं, "काळजी आहे म्हणाला?" "म्हणाला." "मग स्वतः का नाही सांगत?" डब्यातलं गार झालं होतं. मी ते चावत होतो की नुसते दात, हे मला कळत नव्हतं.

त्यांचं बोलणं तुटलं ते बाबांच्या कपड्यांवरून. बाबा गेले त्याच आठवड्यात दादाने त्यांचं कपाट रिकामं केलं, सगळे कपडे पिशव्यांत भरून देऊन टाकले. धाकटी तेव्हा नोकरीच्या गावाहून पोहोचायची होती. आली, कपाट उघडलं, आत नुसते हँगर. तिने फक्त एक विचारलं, "तो तपकिरी स्वेटर?" दादा म्हणाला, "जुनाच तर होता." बस, एवढंच. त्यानंतर तिने त्याच्याशी शब्द टाकला नाही आणि त्यानेही तो उचलला नाही. ती आईला भेटायला येते ती दादा घरी नसताना; ती कधी येणार, तो कधी बाहेर जाणार, हे मी जुळवतो, रेल्वेच्या सांधेवाल्यासारखा, दोन गाड्या एका रुळावर येऊ नयेत म्हणून. दादा एकदा माझ्याजवळ बोलला होता, धाकटीला दोन शिव्या घालता घालता मध्येच: "त्या कपाटाचं दार उघडलं की बाबांचा वास यायचा रे. मला जमेना." पण ते शिव्यांच्या मध्ये होतं, आणि "तिला सांग" असं काही तो म्हणाला नव्हता, म्हणून मी ते निरोपात धरलं नाही. निरोपात मी काय धरलं? "दादाला वाईट वाटतंय." हे मात्र मी तिला कितीदा तरी सांगितलं, तिच्या बाजूने त्यालाही सांगितलं, आणि दोघंही आपापल्या घरात, आता समोरचा माफी मागायला येईल म्हणून, दाराकडे कान लावून बसून राहिले.

हे काम मला कुणी दिलं, असं विचारलं तर उत्तर लहानपणीच्या एका दारात सापडतं. एका बाजूला जेवणाचं टेबल, बाबा; दुसऱ्या बाजूला ओटा, आई. मधे चौकट आणि चौकटीत मी. त्या दोघांचं अधूनमधून बोलणं बंद व्हायचं, आणि बंद झालं की माझं सुरू व्हायचं. दादा अशा वेळी बाहेर खेळायला जायचा, धाकटी अजून रांगत होती. उरलेल्याला सगळे समजूतदार म्हणायचे. माणसाला लहानपणी समजूतदार म्हटलं की तो संपला. पुढे त्याने काहीही मागितलं की लोकांना धक्काच बसतो. बाबा म्हणायचे, "आईला सांग, मीठ किती घालायचं याला काही सुमार असतो." मी चौकटीच्या लाकडात अंगठ्याचं नख रुतवून आईकडे वळायचो. एके दिवशी माझ्या तोंडून निघालं, "बाबा म्हणतात, आज छान झालंय." आई पाठमोरी होती. तिचे खांदे खाली आले. मी ते खांदे पाहिले, आणि माझ्या पोटात काहीतरी गोड, गरम पसरलं. तसं नंतर कुठल्याही बक्षिसाने पसरलं नाही. त्या दिवसापासून मी निरोपातले काटे काढायला शिकलो. काढलेले काटे टाकायचे कुठे, हे मात्र शिकलो नाही. ते गिळले, की संपलं असं वाटायचं. माझं लग्नही झालं होतं. बायको सोडून गेली तेव्हा तिच्या मागण्या फार नव्हत्या. दारात बॅग ठेवून म्हणाली, "तुझ्याशी भांडताच येत नाही. भिंतीशी तरी डोकं आपटता येतं." मी तिला बॅग खाली नेऊन दिली. तेवढंही भांडण तिच्या वाट्याला येऊ दिलं नाही.

जबड्यासाठी मी दातांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. सकाळी उठलो की तोंड उघडायला दोन्ही हात लावावे लागायचे. त्याने आरशाने सगळीकडे पाहिलं आणि म्हणाला, "दात उत्तम आहेत. झिजलेत फक्त. झोपेत काय चावता एवढं?" मग त्याने झोपताना घालायची प्लॅस्टिकची एक कवळीसारखी वस्तू दिली आणि पडद्यावर काहीतरी टाइप करत, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "स्वतःच्या मनाची काळजी घ्या." सोबत एक घडीचं पत्रक. त्यावर एक बाई दगडावर डोळे मिटून बसलेली. तिला मोठा भाऊ नसावा. आत लिहिलं होतं, दीर्घ श्वास घ्या, कोमट पाण्याने अंघोळ करा, आवडतं संगीत ऐका, आपल्या माणसांशी मन मोकळं करा. शेवटचं वाचून मला हसू आलं, पण ते जबड्यापाशी अडकलं. आपल्याच माणसांनी मन मोकळं करून करून माझं भरून टाकलं होतं. तरी मी आज्ञाधारक माणूस, मी बसलोसुद्धा डोळे मिटून, श्वास मोजत. मांडी थरथरली. उठून पाहिलं तर फोन दुसऱ्या खोलीत, शांत. मी तो उचलून धाकटीला लावला आणि विचारलं, कुणी काही बोललं नाही ना. तिला वाटलं दादाने काही निरोप दिलाय. ती म्हणाली, "काय म्हणाला?" आणि मला एक निरोप तयार करावा लागला.

खरं सांगायची तयारी करून या, नवी म्हणाली होती. मी तयारीला आईपासून सुरुवात करायची ठरवलं, कारण ती सगळ्यांत सोपी वाटली. दादा कामावर गेलेला असताना दुपारी तिच्याकडे गेलो. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती, दुधाळलेला डोळा उजेडाकडे करून. मी चप्पल काढतानाच म्हणालो, "आई, मी यापुढे निरोप नेणार नाही." नंतर बोललो असतो तर बोललोच नसतो.

"बरं," ती म्हणाली. "एवढं ऑपरेशन होऊ दे, मग नको नेऊस."

"बाबांच्या आजारपणात मी तुमचे दोघांचे निरोप नेत होतो, तेव्हाही तू हेच म्हणालीस. ताप उतरू दे, मग नको नेऊस."

"मग उतरला का?"

"बाबाच गेले."

"बघ म्हणजे," आई म्हणाली, जणू यात काही मुद्दा सिद्ध झाला. "तू नाही म्हणालास तर ती दोघं बोलणार कशी?"

"तोंडाने."

"त्यांना तुझ्यासारखं गोड येत नाही रे. परवा तुझी बहीण मला सांगत होती, दादा म्हणाला, कृपया डॉक्टरांचा नंबर पाठव. कृपया! त्याला मी जन्म दिलाय. त्याच्या तोंडात मी काय काय घातलं ते मला माहीत आहे. हा शब्द मी घातला नव्हता." ती हसली, आणि हसताना चांगला डोळाही मिटला. "तू लहान होतास तेव्हापासून तसाच. तुझे बाबा टेबलावरून ओरडायचे आणि तू माझ्याकडे येऊन सांगायचास, छान झालंय. हात लांब केला तर त्यांच्या ताटाला लागेल एवढं अंतर. तुला वाटायचं, मला त्यांचं ऐकूच येत नाही."

मी उभाच होतो. "तुला दोन्ही ऐकू यायचं?"

"बहिरी होते का मी?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुझं ऐकायला बरं वाटायचं," आई म्हणाली. अगदी साधेपणाने, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

बरं वाटायचं. म्हणजे ती चौकट, नखाखाली गेलेला लाकडाचा रंग, बाबांचा शब्द आणि आईचा कान यांच्यामधल्या त्या चार फरशा ओलांडेपर्यंत कपाळावर फुटणारा घाम, काय काढू आणि काय ठेवू याची ती धडपड, हे सगळं उघड्या मंचावर चाललं होतं आणि प्रेक्षक मजेत होते. मी घर सांभाळतोय असं समजत होतो. मी करमणूक करत होतो. मला आईचा राग आला. राग यापूर्वीही कधीतरी आला असेल, पण लगेच त्याच्या मागोमाग लाज यायची, आणि दोघांच्या भांडणात मीच मध्यस्थ. या वेळी मी लाजेची वाट पाहिली आणि ती आली नाही. राग एकटाच खोलीत येऊन बसला, पाहुण्यासारखा नाही, घरच्यासारखा, पाय पसरून. मला त्याची संगत बरी वाटली.

"माझा जबडा दुखतो, आई."

"दाताच्या डॉक्टरकडे जा."

"गेलो होतो. दात चांगले आहेत म्हणाला."

"मग?"

"मग तुम्ही उरलात."

मला वाटलं, आता आईचा पदर डोळ्याला जाणार, आणि मी तो जाऊ न देण्यासाठी काय बोलायचं ते माझ्या तोंडात आपोआप तयारही झालं; मी दात आवळले, या वेळी जाणूनबुजून. पदर गेला नाही. ती म्हणाली, "आणि मला कुणी विचारलंय का, मला कुठे राहायचंय? तू तरी?" मी विचारलं नव्हतं. दोन्ही बाजूंचे निरोप वाहता वाहता, ज्या बाईबद्दल ते निरोप होते तिला ओलांडून मी जात-येत होतो. "कुठे राहायचंय?" मी विचारलं. "ते मी त्यांना सांगेन," आई म्हणाली. "तुला सांगितलं तर तू त्याला पाणी घालून नेशील."

त्या संध्याकाळी मी दोघांना फोन केले. तिसरी जागा कुठलीच नव्हती. दादाच्या घरी धाकटी त्याच्यासमोर पाय ठेवत नाही, तिच्या घरी तो जात नाही, आणि माझं घर त्यांना माझ्याइतकंच दिसत नाही. म्हणून दुकान. धाकटीला म्हणालो, "शनिवारी सकाळी दुकानात ये. दादा आईला घेऊन येणार आहे. आईचं काय ते तिघांनी समोरासमोर बोला. मी निरोप नेणार नाही."

"तो असेल?"

"असेल."

"मग मी नाही येणार."

"नको येऊस," मी म्हणालो.

असं मी तिला कधी म्हटलं नव्हतं. मग ती म्हणाली, "तुला काय झालंय, भाऊ? तूच असं बोललास तर मी कुणाकडे बघायचं?" माझ्या तोंडात सगळं तयार होतं: तसं नाही गं, तुझंही बरोबर आहे, दादाचंही. मी म्हणालो, "मला माहीत नाही," आणि फोन ठेवला. मांडी थरथरत नव्हती. दादा जास्त सरळ बोलला. "शहाणपणा शिकवायला लागलास काय मधल्या? नोकरी गेली की काय तुझी?" मी म्हणालो, "हो, ही एक गेली." ती दोघं येणार याची मला खात्री होती. माझ्यासाठी नाही, आईसाठीही पुरती नाही. न येणं म्हणजे दुसऱ्याला मैदान मोकळं सोडणं, आणि तेवढा मोठेपणा आमच्या घरात कुणाकडेच नाही.

मालकांनी दुकान उघडायच्या आधीची वेळ दिली. "भांडा," म्हणाले, "पण फ्रेमा फेकून मारायच्या नाहीत. काचेची कपाटं आहेत." दादा आईचा हात धरून आला, पायरीवर तिला जपून चढवत. धाकटी त्यांच्याआधीच येऊन बाकावर बसली होती. दादा दुसऱ्या टोकाला बसला, आई मध्ये. मी ज्या जागी आयुष्य काढलं ती जागा बाहेरून कशी दिसते, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं: अरुंद आहे. दोघांनीही तोंडं फिरवली, पण चष्म्याच्या दुकानात तोंड फिरवून सोय होत नाही. जिकडे फिरवावं तिकडे आरसा, आणि प्रत्येक आरशात दुसऱ्याचं तोंड. धाकटीने खिडकीकडे पाहिलं तर फ्रेमांच्या स्टँडवरच्या आरशात दादा दिसला. दादाने छताकडे पाहिलं. मग दोघंही, माणसं पाण्याच्या नळाकडे बघतात तसं, माझ्याकडे बघायला लागले. नळ सुटायची वाट बघत.

"त्याला विचार," धाकटी म्हणाली, "किती वेळ आहे त्याच्याकडे."

"तिला सांग," दादा म्हणाला, "आम्ही काही रिकामटेकडे नाही."

मी नवीला हाक मारली. "चल. माझे डोळे राहिलेत." आणि त्यांच्यासमोरून आत गेलो, खुर्चीत बसलो, हनुवटी टेकवली. नवीने दार लोटलं, ते जुनं दार पुरतं बसत नाही. अंधार झाला. अक्षरं उजळली. बाहेर दादा म्हणाला, "अरे, हा गेला कुठे? मधल्या!" धाकटीने हाक मारली, "भाऊ!" माझा हात खुर्चीच्या दांड्यावरून आपणहून उचलला गेला. मला तो अंधारात दिसत नव्हता, पण उचललेला जाणवत होता, वर्गात उत्तर येतं त्या मुलाच्या हातासारखा. नवीने विचारलं, "जायचंय का?" मांडीचा चौकोन थरथरू लागला. मी उचललेला हात त्यावर ठेवला आणि दाबून धरला, कुत्र्याचं डोकं दाबून धरतात तसा. "नाही," मी म्हणालो. "दाखव."

टक्. "पहिलं..." टक्. "की दुसरं?"

"दोन्ही..." मी म्हणालो, आणि थांबलो. मग बाहेरून आईचा आवाज आला, स्पष्ट, कुणालाही उद्देशून नाही आणि म्हणून सगळ्यांना लागेल असा. "मला माझ्याच खोलीत राहायचंय. थेंब घालायला ती येईल, आणि तेव्हा तू घरातच असशील. पळून जायचं नाही कुणी." लगेच धाकटी उसळली. "त्याच्या घरात? आणि तुझं कपाटही त्याने रिकामं केलं तर?" "तुझ्या जिभेला काही..." दादा थेट तिलाच म्हणाला, मध्ये कुणी नव्हतं. "एका स्वेटरवरून किती वर्षं..." "स्वेटर नव्हता तो!" "मग काय होतं? त्या कपाटाचं दार उघडलं की बाबांचा वास यायचा. मी रोज त्या खोलीतून जात होतो. मला सहन होत नव्हतं ते!" "आणि मला नको होता का तो वास?" धाकटी ओरडली. तिचा आवाज फाटला. "तुझ्या एकट्याचा होता?"

हे मी कधी नेलं नव्हतं. हे एवढं उघडं, काट्यांसकट, रक्त काढणारं, मी चाळून बाजूला ठेवत आलो होतो आणि त्याच्या जागी कृपया आणि काळजी पाठवत होतो. आता ते बाहेर पडलं होतं, आणि दार, भिंती, आरसे सगळं शाबूत होतं. ते ऐकायला भयंकर होतं. सुधारण्यासारखी दहा ठिकाणं मला त्यात दिसत होती. दादाच्या शेवटच्या वाक्याला मी नुसता एक शब्द लावला असता तर ती रडली नसती. पण ते माझं नव्हतं. ते त्या दोघांचं होतं, आणि माझ्यासमोर भिंतीवर अक्षरांच्या पाच ओळी होत्या, त्या माझ्या.

"परत दाखव," मी म्हणालो. "सावकाश."

टक्. टक्.

"पुन्हा."

"सर, किती वेळा?"

"मला दिसेपर्यंत."

टक्. अक्षरांच्या कडा आल्या, ताठ, काळ्या, जमिनीवर पाय रोवून उभ्या. टक्. त्या डावीकडे कलल्या, त्या सकाळच्या पायरीसारख्या. नवीच्या आवाजात यावेळी काहीच नव्हतं. तिला काय हवंय ते मी शोधून पाहिलं आणि मला सापडलं नाही, आणि मग मी शोधणं सोडलं. "पहिलं," मी म्हणालो. "दुसरं वाईट आहे. दुसरं वाकडं आहे."

"नक्की?"

"नक्की."

बाहेरून आईने हाक मारली. तिच्या आवाजात आता भीती होती, ओट्याशी पाठमोरी उभी असतानाची. "मधल्या, अरे बाहेर ये. बघ ही दोघं कशी बोलतायत एकमेकांना. तू जरा समजावून सांग."

मी हनुवटी हलवली नाही. "येत नाही," मी म्हणालो. हवा होता त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. अंधारातल्या लहान खोलीत तो घुमला, दाराच्या फटीतून बाहेर गेला आणि बाहेर सगळं गप्प झालं. तिघंही. मला ती शांतता पाठीवर जाणवली. त्यात मी भरायचा असा एक शब्द होता, नेहमीचा, दुकानाच्या पायरीवरून पडल्यावरही म्हटलेला. तो मी भरला नाही. जबडा उघडा होता, सैल, यंत्राच्या टेकणीवर सोडून दिलेला.

मग धाकटीने नाक ओढलं, दादा काहीतरी पुटपुटला, ती "काय म्हणालास?" असं म्हणाली, आणि ती दोघं पुन्हा भांडायला लागली, माझ्याशिवाय.

"पुढचं दाखव," मी म्हणालो.